पोत संवेदकात नसतो

कृत्रिम हाताला स्पर्शज्ञान मिळाल्याचे वृत्त गेल्या वीस वर्षांत अनेकदा प्रसिद्ध झाले आहे आणि त्याची मांडणी दर वेळी जवळजवळ सारखीच असते. एखाद्या प्रयोगशाळेत कातडीसारखा पातळ, वाकणारा, ताणला जाणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, तयार होतो. तो यांत्रिक बोटाच्या टोकावर चढवला जातो. ते बोट रेशीम, सुती कापड आणि कागद यांतला फरक ओळखते. आणि तेवढ्यावरून यंत्राला पोत कळू लागल्याचा निष्कर्ष काढला जातो. पोत हा वस्तूच्या पृष्ठभागावर तयार स्थितीत असतो, त्वचा तो फक्त टिपून घेते आणि म्हणून पुरेशी तरल व पुरेशी दाट कृत्रिम त्वचा बनवता आली की उरलेले काम किरकोळ राहते, अशी समजूत या निष्कर्षामागे आहे.

ही समजूत उथळ आहे. पोताचे ज्ञान पृष्ठभाग, बोटाचे मांस, बोटाची हालचाल आणि त्या हालचालीचे भान राखणारी मज्जासंस्था या चौघांच्या व्यवहारातून घडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. संवेदक या व्यवहारातला आवश्यक घटक आहे, परंतु तो सर्वांत सोपा घटक आहे. आणि सोप्या घटकालाच संपूर्ण प्रश्न मानल्यामुळे संशोधनाची दिशा, त्याच्या यशाची मोजमापे आणि हात गमावलेल्या माणसांच्या अपेक्षा, या तिन्हींवर विपरीत परिणाम होत आहे.

प्रचलित समजुतीचे मूळ

लवचीक स्पर्शसंवेदकांची कामगिरी कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. २००४ मध्ये टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने सेंद्रिय ट्रान्झिस्टर आणि दाबाला प्रतिसाद देणारे रबर यांची वाकू शकणारी जाळी तयार केली. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ यांच्या गटाने रबराच्या थरात अतिसूक्ष्म पिरॅमिड कोरून त्याची संवेदनक्षमता इतकी वाढवली की माशीच्या भाराने पडणारा दाबही नोंदला जाऊ लागला. अशा संवेदकांची तत्त्वे मोजकीच आहेत. काहींमध्ये दाब पडला की पदार्थाचा विद्युतरोध बदलतो. काहींमध्ये दोन पातळ विद्युतपट्ट्यांमधले अंतर कमी होते आणि त्यांची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. काहींमध्ये दाबविद्युत पदार्थ वापरलेले असतात, म्हणजे असे पदार्थ की जे दाबले किंवा ताणले जाताना स्वतःच विद्युतदाब निर्माण करतात. दाब स्थिर राहिला की त्यांचा संकेत ओसरतो, म्हणून ते कंपन टिपण्यास उत्तम आणि स्थिर दाब मोजण्यास कच्चे ठरतात.

हे सर्व संवेदक जाळीच्या रूपात मांडता येतात, आणि येथेच दिशाभूल सुरू होते. जाळीतल्या प्रत्येक बिंदूवरचा दाब पडद्यावर रंगाने दाखवला की समोर एक चित्र उभे राहते, आणि चित्र दिसले की बुद्धी नकळत दृष्टीचे नियम स्पर्शाला लावू लागते. कॅमेऱ्यात बिंदूंची संख्या वाढली की तपशील वाढतो, तसे कृत्रिम बोटातही घडेल असे गृहीत धरले जाते. स्पर्शाच्या शरीरशास्त्राला हे गृहीतक मान्य नाही.

१. सूक्ष्म पोत काळात उलगडतो

जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ मध्ये स्पर्शावर लिहिलेल्या ग्रंथात दोन गोष्टी आग्रहाने मांडल्या होत्या. दृष्टीला जसा प्रकाश, तशी स्पर्शाला हालचाल आवश्यक असते, ही पहिली; आणि पोताचे ज्ञान दोन वेगळ्या मार्गांनी होते, ही दुसरी. ठळक पोत, उदाहरणार्थ ब्रेलचे ठिपके किंवा जाड विणीचे गोणपाट, बोट नुसते टेकवूनही बऱ्यापैकी कळतो, कारण त्याच्या उंचसखलपणाचा ठसा त्वचेवर उमटतो. सूक्ष्म पोत मात्र बोट फिरल्याशिवाय कळत नाही. २००० मध्ये मार्क हॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले: कणांचा आकार सुमारे १०० मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक दशांशाच्या, खाली गेला की स्थिर बोटाला दोन पृष्ठभागांतला फरक ओळखणे अवघड होते आणि हालचालीची मुभा मिळताच ते पुन्हा जमू लागते.

याचे कारण आकड्यांतच आहे. स्वीडनमधील रोलंड योहान्सन आणि ओके व्हाल्बो यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार मानवी तळहात आणि बोटे मिळून स्पर्शसंदेश वाहणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. ते चार प्रकारचे असतात. त्यांतील मर्केल पेशींशी जोडलेले तंतू स्थिर दाबाला आणि आकाराला, मायस्नर ग्राही मंद थरथरीला, रुफिनी ग्राही त्वचेच्या ताणाला आणि पॅसिनी ग्राही वेगवान कंपनाला प्रतिसाद देतात. ठसा टिपणारे तंतू बोटाच्या टोकावर सर्वांत दाट असतात, तरी त्यांच्यातले अंतर साधारण एक मिलिमीटर असते. आता याच्याशेजारी स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष ठेवावा: ज्याच्यावरील सुरकुत्यांची उंची अवघी १३ नॅनोमीटर आणि एकमेकींतले अंतर ७६० नॅनोमीटर होते, असा पृष्ठभाग माणसांना कोऱ्या पृष्ठभागापासून बोटाने वेगळा ओळखता आला. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. ज्या जाळीच्या एकेका घरात हजाराहून अधिक सुरकुत्या मावतात, ती जाळी त्या सुरकुत्यांचे चित्र कधीच काढू शकत नाही. तरीही त्या कळतात, कारण फिरणाऱ्या बोटाला चित्र नको असते. घर्षणात पडलेला फरक आणि त्वचेत उठलेली कंपने त्याला पुरतात.

बोट सरकू लागले की पृष्ठभागाची रचना काळात रूपांतरित होते. उंचवट्यांमधील अंतर अर्धा मिलिमीटर असेल आणि बोट सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने फिरत असेल, तर त्वचेत सेकंदाला २०० कंपने उठतात, आणि साधारण २०० ते ३०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, हाच पॅसिनी ग्राहींच्या सर्वाधिक तरलतेचा पट्टा आहे. या पट्ट्यात ते एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान हालचाल पकडतात. म्हणून सूक्ष्म पोतासाठी संवेदकांची दाटी गौण ठरते आणि थोड्या संवेदकांची चपळाई निर्णायक ठरते. चौरस सेंटिमीटरमध्ये शेकडो संवेदक बसवलेली, परंतु सेकंदाला केवळ काही दहा वेळा वाचली जाणारी जाळी पोताच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते.

२. मांस आणि रेषा हीच पहिली गणना

दुसरा मुद्दा संवेदकाच्या भोवतीच्या पदार्थाचा आहे. २००९ मध्ये पॅरिसमधील भौतिकशास्त्रज्ञांनी एक कृत्रिम बोटाग्र तयार केले, ज्याच्या रबरी आवरणावर एकदा बोटांवरच्या रेषांसारख्या समांतर कडा होत्या आणि एकदा आवरण गुळगुळीत होते. संवेदक तोच होता. रेषा असलेल्या आवरणाखाली एका विशिष्ट वारंवारतेची कंपने कित्येक पटींनी वाढून संवेदकापर्यंत पोहोचली, आणि मानवी बोटाच्या रेषांमधले अंतर व बोट फिरवण्याचा नेहमीचा वेग लक्षात घेतला तर ती वारंवारता पॅसिनी ग्राहींच्याच पट्ट्यात येते. म्हणजे बोटांवरच्या रेषा पृष्ठभागावरील अनेक खुणांतून मज्जातंतूंना ऐकता येईल तेवढ्याच निवडून पुढे धाडतात. ही निवड कोणत्याही विद्युतमंडलाच्या आधी, निव्वळ पदार्थाच्या आकाराने होते.

लवचीकपणाचा खरा अर्थ येथे कळतो. संवेदक लवचीक असावा याचे कारण सहसा असे दिले जाते की तो बोटाच्या गोलाईवर चिकटून बसावा. ते कारण खरे असले तरी दुय्यम आहे. मुख्य कारण हे की मऊ पदार्थ दबतो, पसरतो, पृष्ठभागाला किंचित चिकटतो, सुटतो आणि थरथरतो, आणि या सर्व क्रियांमधूनच पोताची माहिती आकार घेते. त्याच वेळी मऊपणाची किंमतही मोजावी लागते: रबर दाब काढल्यावर लगेच मूळ स्थितीत येत नाही, तापमानाने बदलते, घासून झिजते, आणि शेजारच्या दोन बिंदूंचे संकेत त्यात एकमेकांत मिसळतात.

ही अडचण सर्वांत शहाणपणाने सोडवणाऱ्या रचनेत संवेदक त्वचेवर नाहीच. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे विकसित झालेल्या बायोटॅक या कृत्रिम बोटात हाडासारखा कठीण गाभा असतो, त्यावर इलेक्ट्रोड बसवलेले असतात, भोवती वीज वाहून नेणारा द्रव आणि त्यावर रेषांची रबरी त्वचा असते. त्वचा दबली की द्रवाचा थर पातळ होऊन विद्युतरोध बदलतो. त्वचा सरकताना थरथरली की ती कंपने द्रवातून आतल्या दाबमापकापर्यंत पोहोचतात. सगळी नाजूक यंत्रणा गाभ्यात सुरक्षित राहते, त्वचेत एकही तार नसते आणि झिजलेली त्वचा बदलता येते. कृत्रिम त्वचेच्या गौरवात रमलेल्या चर्चेने या रचनेकडे जितके लक्ष द्यायला हवे होते, तितके दिलेले नाही.

३. हालचालीचे भान नसेल तर पोत कळत नाही

बोटाचा वेग दुप्पट केला की त्याच कापडावरून उठणाऱ्या कंपनांची वारंवारताही दुप्पट होते. संवेदकाच्या नोंदीपुरते पाहिले तर ते दुसरे कापड झाले. माणसाला मात्र ते तेच कापड वाटते. शिकागो विद्यापीठात स्लिमन बेन्समाया यांच्या गटाने नैसर्गिक पोतांवर केलेल्या अभ्यासांतून हे नीट पुढे आले की तंतूंचे संदेश वेगानुसार बरेच बदलतात, परंतु पोताचा अनुभव जवळजवळ स्थिर राहतो. आपण किती वेगाने आणि किती जोराने हात फिरवत आहोत हे शरीराला ठाऊक असते, आणि येणाऱ्या संदेशाचा अर्थ त्या माहितीच्या आधारे लावला जातो, हे याचे निदान एक स्पष्टीकरण आहे. ज्या कृत्रिम बोटाला स्वतःच्या गतीची खबर नाही, त्याच्या नोंदीत कापडाचा गुण आणि मोटरचा वेग यांची सरमिसळ झालेली असते.

हालचाल निवडावीही लागते. सुसान लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्स्की यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की माणसे वस्तू चाचपताना ठरावीक रीती वापरतात: पोतासाठी बोट आडवे फिरवणे, कठीणपणासाठी दाबणे, तापमानासाठी नुसते टेकवणे, आकारासाठी मुठीत घेणे, वजनासाठी उचलून धरणे. जेरेमी फिशेल आणि जेराल्ड लोब यांनी २०१२ मध्ये बायोटॅकच्या साहाय्याने ११७ पृष्ठभाग ९५.४ टक्के अचूकतेने ओळखले, तेव्हा त्या कामाचे मर्म संवेदकात नव्हते. आतापर्यंतच्या नोंदींवरून कोणते दोन पृष्ठभाग अजून संशयित आहेत आणि कोणत्या हालचालीने त्यांच्यातला फरक लवकर उघड होईल, हे ठरवणारी पद्धत त्याचे मर्म होती.

ओलेपणाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. मानवी त्वचेत ओल ओळखणारा स्वतंत्र ग्राही नाही. थंडावा आणि घर्षण-दाबाची विशिष्ट जोडी यांवरून मेंदू ओलेपणाचे अनुमान करतो, आणि म्हणूनच दोरीवरचे थंडगार कपडे ओले की कोरडे, असा संभ्रम कधी कधी पडतो. ज्या गुणासाठी संवेदकच नाही तो गुण माणसाला रोज जाणवतो. तेव्हा प्रत्येक गुणासाठी एक संवेदक ही कल्पना शरीराने स्वतःच नाकारलेली आहे.

४. नोंद आणि अनुभूती यांमधली दरी

येथवरचा युक्तिवाद यंत्रमानवालाही लागू होतो. हात गमावलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे आणि ती सर्वांत कठीण आहे. २०१६ मध्ये लोझान आणि पिसा येथील कालोजेरो ओद्दो, सिल्वेस्ट्रो मिचेरा व सहकाऱ्यांनी एका डॅनिश व्यक्तीच्या दंडातील मज्जातंतूत बसवलेल्या इलेक्ट्रोडद्वारे कृत्रिम बोटाग्राचे संकेत पोहोचवले. ते बोटाग्र यंत्राच्या साहाय्याने प्लास्टिकच्या कोरीव पट्ट्यांवरून फिरत होते, त्याच्या नोंदींचे मज्जातंतूंच्या भाषेसारख्या ठोक्यांच्या मालिकेत रूपांतर होत होते, आणि त्या व्यक्तीला पट्टीचा खरखरीतपणा ९६ टक्के वेळा बरोबर ओळखता आला. हे यश मोठे आहे. पण त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे: बोट त्या व्यक्तीने फिरवलेले नव्हते, नमुने नियमित कोरलेले होते, आणि निर्णय मोजक्या पर्यायांतला होता. लाकूड, लोकर, कणीक, मुलाचा गाल यांचा पोत हा यापुढचा प्रश्न आहे.

२०१८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ल्यूक ऑसबॉर्न आणि मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी नितीश ठाकोर यांच्या गटाने कृत्रिम हातावर अनेक थरांची संवेदी त्वचा चढवून स्पर्शाबरोबर टोकदार वस्तूची बोचही तो हात वापरणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवली, आणि बोच जाणवताच हाताने वस्तू सोडून द्यावी अशी योजनाही केली. येथे संवेदनेला कृती जोडलेली आहे, आणि म्हणूनच हा प्रयोग अधिक मोलाचा आहे.

कृतीपासून तुटलेल्या संकेताचे काय होते, याचा पुरावा बराच जुना आहे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की या रुग्णांची बोटे थेट रोगाने झडत नाहीत, तर बधिरपणामुळे न कळलेल्या जखमांनी नष्ट होतात. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी बधिर हातापायांसाठी दाब मोजणारे संवेदक आणि धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा तयार करून पाहिली. आधी आवाजाने, नंतर शरीराच्या शाबूत भागाला विजेच्या झटक्याने इशारा देण्याचा प्रयत्न झाला. संवेदक महागडे आणि लवकर बिघडणारे निघाले हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे हे की इशारा गैरसोयीचा वाटला की रुग्ण यंत्रणाच बंद करीत आणि हातातले घातक काम पुरे करीत. दाबाची नोंद मिळत होती, तरी ती त्या माणसाची संवेदना झाली नाही, कारण ती त्याच्या हाताची वाटत नव्हती.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की चित्राचा मार्ग सर्वस्वी चुकीचा नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत २००९ पासून विकसित झालेल्या जेलसाइट या तंत्रात पारदर्शक मऊ गादीखाली कॅमेरा बसवलेला असतो, आणि गादीत रुतलेल्या पृष्ठभागाचा उंचसखल नकाशा तो हालचालीविना, माणसाच्या त्वचेला अशक्य अशा बारकाईने टिपतो. हे मान्यच करावे लागेल. ठळक रचना, आकार आणि पृष्ठभागावरचे दोष तपासण्यासाठी हे साधन मानवी बोटापेक्षा सरस आहे. परंतु उंचीचा नकाशा म्हणजे पोत नव्हे; सारख्याच उंचवट्यांचा एक पृष्ठभाग तेलकट आणि दुसरा कोरडा असू शकतो, आणि हा फरक बोट सरकू लागल्यावरच प्रकट होतो.

दुसरा आक्षेप असा की संगणकाला पुरेशी उदाहरणे दिली की तो गती, दाब, झीज या सगळ्यांचा हिशेब स्वतःच शिकून घेईल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शिकण्यासाठी गती आणि दाब नोंदलेले असावे लागतात, आणि उदाहरणे विविध असावी लागतात. एकाच नमुन्यावरून, एकाच मोटरने, एकाच वेगाने शंभरदा घेतलेल्या नोंदींतील काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरल्या तर अचूकता शंभर टक्क्यांच्या जवळ जाणे स्वाभाविक आहे, आणि तिच्यावरून पोताच्या ज्ञानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कारखान्यातील यंत्राला अनुभूतीची गरज नाही, वर्गीकरण पुरे. मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर हात पोत कशासाठी ओळखतो या प्रश्नात आहे. १९८४ मध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी माणसांना रेशीम, मऊ चामडे आणि घासकागद लावलेली वस्तू उचलायला दिली. रेशमासाठी पकड घट्ट झाली, घासकागदासाठी सैल राहिली, आणि वस्तू निसटू लागताच सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच पकड आपोआप सुधारली. बोटे बधिर केल्यावर हे जुळवून घेणे बिघडले. पोत हा हाताच्या दृष्टीने आधी पकडीचा विषय आहे, नंतर वर्णनाचा. यंत्रालाही पेला, अंडे किंवा टोमॅटो धरायचा असतो, त्याचे नाव सांगायचे नसते.

मोजमाप बदलण्याची गरज

या युक्तिवादाचा व्यावहारिक परिणाम मोजमापावर झाला पाहिजे. किती संवेदक, किती सूक्ष्म दाब, किती टक्के अचूकता हे आकडे पुरेसे नाहीत. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०२१ मध्ये मणक्याच्या दुखापतीने हात निकामी झालेल्या व्यक्तीच्या मेंदूला यांत्रिक हाताचा स्पर्शसंदेश पुरवला, तेव्हा त्यांनी यश मोजले ते वस्तू उचलून हलवण्याच्या वेळेत, आणि तो वेळ सुमारे २० सेकंदांवरून सुमारे १० वर आला. विशेष म्हणजे तो संदेश अत्यंत ढोबळ होता. ढोबळ परंतु कृतीशी वेळेवर जुळलेली संवेदना, सूक्ष्म परंतु तुटक नोंदीपेक्षा हाताला अधिक उपयोगी पडते.

भारताच्या संदर्भात ही गोष्ट तातडीची आहे. कडबाकुट्टी, उसाचे चरक आणि कारखान्यांतले पॉवर प्रेस यांत बोटे व हात गमावणारी माणसे महाराष्ट्रातल्या गावांत आणि औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांच्या कृत्रिम हाताला धूळ, घाम, पाणी आणि तेल सोसावे लागेल, आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावी व्हावी लागेल. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट टिकला तो मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या हालचालींपासून त्यांनी सुरुवात केली म्हणून. हाताच्या बाबतीतही आपल्या तंत्रशिक्षण संस्थांनी पेला निसटण्याआधी पकड आवळणारे, बदलता येण्याजोग्या साध्या त्वचेचे, गाभ्यात मोजकेच पण चपळ संवेदक असलेले बोट हे पहिले उद्दिष्ट मानावे. आणि स्पर्शसंवेदकावरचा प्रत्येक प्रबंध तपासताना परीक्षकांनी बोट कोणी फिरवले, कोणत्या वेगाने फिरवले आणि पूर्वी न पाहिलेल्या पृष्ठभागावर ते किती टिकले, याची उत्तरे मागावीत.